दादारावांची नजर

आमच्या ऑफिसात कुणाकडे काही चांगलं घडलं, की पेढे वाटायच्या आधी माणूस दादाराव गाडेकरांच्या टेबलाशी जायचा. साहेबांना नंतर सांगितलं तरी चालायचं. पोराचा इंजिनिअरिंगला नंबर लागला, सिडकोत प्लॉट मिळाला, बायकोची बदली शहरात झाली, काहीही असो. दादाराव हातातला पेन खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे, सगळं ऐकून घ्यायचे, मधे दोन-चार प्रश्न विचारायचे. प्लॉट पूर्वाभिमुख आहे का, कॉर्नरचा आहे का, पाणी येतं का. आणि सगळी माहिती गोळा झाली की छातीवर पंजा ठेवून म्हणायचे, "जळलो!"

बस, एवढंच. अभिनंदन नाही, छान झालं नाही. पण तो एक शब्द ऐकला की सांगणाऱ्याचा चेहरा असा खुलायचा, जणू आपल्याला खरोखर काहीतरी मिळालंय याची त्याला आत्ता खात्री पटली. बाकीचे आम्ही "वा वा, फार आनंद झाला" म्हणायचो आणि मनातल्या मनात त्याच्या प्लॉटचा भाव काढत बसायचो. माझं तर पोट दुसऱ्याच्या स्कूटरला नवं सीटकव्हर बसलं तरी दुखतं. पण मी हसून दुखवून घेतो. दादाराव जळायचे ते चारचौघांत, तोंडावर, मोकळ्या आवाजात, आणि पाच मिनिटांत विझून परत कामाला लागायचे. मला त्यांच्या त्या जळण्याचाच फार हेवा वाटायचा.

आमचं ऑफिस औरंगाबादचं, पाटबंधाऱ्याचं. तिथं 'अनुशेष' हा शब्द चहापेक्षा जास्त वेळा यायचा. बाकीच्या महाराष्ट्राला मिळालं आणि मराठवाड्याला मिळायचं राहून गेलं, ते सगळं म्हणजे अनुशेष. धरणांचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष. दादारावांनी तो शब्द ऑफिसातून उचलला आणि आयुष्यभर भलत्याच ठिकाणी वापरला. ते म्हणायचे, "साहेब, धरणाचा अनुशेष निघंल कधी ना कधी. फुटबॉलचा अनुशेष कोण काढणार?"

दादाराव मूळचे फुलंब्रीकडचे. घरची शेती, वडील पोलीस ॲक्शनच्या आधी निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकलेले. पोरगं शिकावं म्हणून त्यांनी दादारावांना शहरात एका नातेवाइकाकडे ठेवलं, आणि त्या नातेवाइकाची खोली नेमकी आमखास मैदानाच्या मागे निघाली. शिक्षण राहिलं बाजूला. संध्याकाळी मैदानावर पोरं बूट नसलेल्या पायांनी फुटबॉल खेळायची, आणि हे बाजूला उभे. उंची होती, हात लांब होते, आणि गोलात उभं राहायला कुणी तयार नव्हतं. असे ते गोलकीपर झाले. पुढं गुडघा गेला, नोकरी लागली, लग्न झालं, फुलंब्रीहून रोजची एस.टी. सुरू झाली. तरी सुटल्यावर परतीची गाडी पकडायच्या आधी आमखासला एक चक्कर मारल्याशिवाय त्यांचा दिवस संपायचा नाही.

त्यांच्या सगळ्या जळण्याचं मूळ मात्र कोल्हापुरात होतं. तरुणपणी एकदा औरंगाबादची टीम तिकडे खेळायला गेली होती. दादाराव ते सांगायला लागले की मी खुर्ची ओढून बसायचो, कारण माणूस मत्सरानं इतका सुंदर दिसू शकतो हे मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

"गच्चीवर माणसं, झाडावर माणसं. अरं, बाया डबे घेऊन आलत्या म्याच बघायला! एक म्हातारा, दात नाय तोंडात, तो मला गोलामागून शिव्या द्यायलता. मला! मी म्हणलं, इथं गोलकीपरला शिव्या द्यायला पण माणूस हाय. आन् आपल्याकडं? आमखासवर म्याच असली की बघायला चार बकऱ्या, आन् त्या बी बॉल आला की उठून जायच्या. आन् जाळी! त्यांच्या गोलला जाळी व्हती रे. गोल खाल्ला तर बॉल जाळीत अडकायचा. आपल्याकडं गोल खाल्ला की मलाच पळत जाऊन नालीतून काढून आणावा लागायचा."

त्या मॅचमध्ये त्यांनी किती गोल खाल्ले हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. पण घरी परतताना गाडीत बाकीची पोरं हरल्याचं दुःख करत होती आणि हे खिडकीशी बसून त्या म्हाताऱ्यासाठी जळत होते, एवढं त्यांनी सांगितलं.

मैदानाजवळ सलीमभाईंचं दुचाकीच्या स्पेअर पार्टचं दुकान. दुकानात क्लच प्लेटा, ब्रेक शू, आणि भिंतीवर एक टीव्ही. सलीमभाई आणि दादाराव तरुणपणी एकाच टीममधले. हे गोलात, ते पुढं. दुकानाबाहेरच्या बाकड्यावर शेजारच्या हॉटेलातून चहा यायचा आणि भांडण सुरू व्हायचं. मी दादारावांच्या मागं मागं जायचो. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण भांडण कळायचं.

भांडणाचा विषय एकच. देशाची टीम सारखी हरते, आणि देशातली ती नवी झगमगीत लीग मात्र भरभरून चालते. हे कसं?

सलीमभाई लीगवाले. लीग सुरू झाल्यापासून त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाला पार्ट देताना त्यांचं लक्ष टीव्हीकडे असायचं, आणि एकदा त्यांनी एकाला स्प्लेंडरच्या जागी पल्सरची केबल दिली होती. ते म्हणायचे, "देखो दादाराव, पहले अपने खेलनेवालों को कौन पूछता था? आता पगार मिळतो, बूट मिळतात, टीव्हीवर दिसतात. पब्लिक तिकीट काढून येती. लीग चलेगी तो टीम बी चलेगी. थोडा सबर रखो."

"सबर?" दादाराव कप खाली ठेवायचे. "सलीमभाई, लीगमधी गोल कोण मारतंय ते सांगा. बाहेरून आणलेले गडी! आपले पोरं काय करतेत? पास देतेत आन् मिठ्या मारतेत. उद्या देशाची म्याच असंल तव्हा गोल मारायला कोण हाय? मिठ्या मारणारे! लग्नात ब्यांडवाला किती बी नाचला, तरी नवरदेव व्हतो का?"

"तो लीग बंद करूं क्या? फिर देखेगा कौन? तुम और बकरियां?"

"ते बी खरं हाय," दादाराव पडेल आवाजात म्हणायचे. कारण तेही लीग बघायचे, एक मॅच न सोडता बघायचे, आणि भरलेलं स्टेडियम दिसलं की दर वेळी जळायचे. केरळचं पिवळं स्टेडियम दिसलं की जळायचे, कोलकात्याचं दिसलं की जळायचे, गोव्याला तर आधी समुद्र आणि वर फुटबॉल दिल्याबद्दल देवावरच जळायचे. क्रिकेटचं तर नावच काढायचं नाही. भारतानं क्रिकेटमध्ये मोठी मॅच जिंकली आणि क्रांती चौकात रात्रभर फटाके वाजले, की दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात निरागस चेहऱ्यानं विचारायचे, "काल कुणाकडं लग्न व्हतं का?"

देशाची फुटबॉल टीम हरली की मात्र ते कुणाला काही विचारायचे नाहीत. मुलाच्या शाळेतला जगाचा नकाशा घेऊन यायचे आणि ज्या देशानं हरवलं तो देश शोधायचे. एकदा असा देश निघाला, की त्यांच्या बोटाखाली तो अख्खा झाकला गेला. बोट उचलून त्यांनी परत पाहिलं, परत ठेवलं. "आपल्या सिडको-हडकोएवढा बी नसंल रे हा," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की ह्या माणसाला गंमत म्हणून नाही, खरंच लागतं. एका टेबलावर जेवताना एकदा त्यांनी मला सांगितलंही होतं, अगदी लाजत, "मला दुसरं काय नको. आमखासवर खेळलेलं एक तरी पोरगं देशाच्या शर्टात बघायचंय. मग डोळे मिटले तरी चालतेत."

त्यांच्या नजरेची गोष्ट सुरू झाली ती सलीमभाईंच्या टीव्हीसमोरच. लीगची मॅच होती. सलीमभाईंच्या लाडक्या टीमचा तो बाहेरून आणलेला उंच गडी बॉल घेऊन असा काही निघाला, की दादाराव बाकावरून अर्धे उठले. "काय पाय हायेत रे! जळलो!" आणि दोनच मिनिटांनी तो गडी मांडी धरून खाली बसला, तो स्ट्रेचरवरूनच गेला.

सलीमभाई डोक्याला हात लावून म्हणाले, "दादाराव, माशाअल्लाह तो बोलना था ना! काला मुंह हो तुम्हारी नजर का!"

सगळं दुकान हसलं. पुढच्या आठवड्यात दादारावांनी कुणाच्या तरी नव्या मोटरसायकलवर छातीवर पंजा ठेवला आणि ती गाडी टाऊन हॉलपर्यंत पोचायच्या आत पंक्चर झाली. झालं. दादारावांची नजर लागते ही बातमी बुढीलेनच्या गल्ल्यांपासून आमच्या ऑफिसापर्यंत पसरली. माणसं गमतीनं त्यांच्यापासून टिफिन झाकायला लागली. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधताना म्हणायची, ही दादारावांसाठी आहे. आणि दादाराव? ते खूश. गुडघा गेल्यापासून पहिल्यांदा कुणाला वाटत होतं, की ह्या माणसामुळे मॅचमध्ये काहीतरी फरक पडतो.

मग सलीमभाईंच्या डोक्यातून ती युक्ती निघाली. देशाची मॅच असली, की दादारावांना टीव्हीच्या अगदी पुढं बसवायचं आणि समोरच्या टीमवर जळायला लावायचं.

पहिल्या मॅचला मी होतो. दुकान भरलेलं, माणसं टायरवर बसलेली. समोर असाच एक बोटाखाली झाकला जाणारा देश. सलीमभाई कानाशी लागले, "दादाराव, तो नऊ नंबर बघा. काय उंची! बघा, बघा."

दादारावांनी मनापासून प्रयत्न केला. डोळे बारीक केले, पुढं वाकले. पण म्हणाले, "नाय रे. हा काय खास नाय. खोटं खोटं कसं जळू?"

"गोलकीपर देखो फिर."

"गोलकीपर बरा हाय. पण मी त्याच्यापेक्षा बरा व्हतो."

अर्धी मॅच अशीच गेली. मग आपल्याविरुद्ध पेनल्टी दिली गेली. कॅमेरा प्रेक्षकांवर गेला, आणि त्या एवढ्याशा देशाचं अख्खं स्टेडियम उभं राहून गात होतं. म्हातारे, बायका, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. दादाराव बघत राहिले. त्यांचा पंजा आपोआप छातीवर गेला आणि अगदी आतून, देठापासून आवाज आला, "जळलो रे!"

पेनल्टी खांबाला लागून बाहेर गेली. दुकानात जो काही दंगा झाला, त्यात दोन आरसे आणि एक इंडिकेटर फुटला. माणसांनी दादारावांना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. शेवटी आपण एका गोलानं हरलोच, तो भाग वेगळा. निघताना दादाराव ओशाळून म्हणाले, "समोर अकरा जण. मी एकटा कुठवर पुरणार?"

सलीमभाईंची मुलगी रुबीना. दुकानात बापाजवळ बसून लीग बघता बघता तिला फुटबॉलचं वेड लागलं, आणि एक दिवस तिनं सांगितलं की मला गोलात उभं राहायचंय. सलीमभाई तिला सकाळी आमखासवर घेऊन आले आणि दादारावांच्या ताब्यात दिलं. मग दादाराव फुलंब्रीहून पहिल्या गाडीनं यायला लागले. त्यांची शिकवायची पद्धत त्यांची स्वतःची होती. ते बादलीत बॉल बुडवायचे, वरून साबणाचा हात फिरवायचे, आणि तो बुळबुळीत बॉल तिच्याकडे फेकायचे. "हा धरला की पावसातला बी धरशील, घामातला बी धरशील." पेनल्टीला मारणाऱ्याचे डोळे बघायचे नाहीत, तो टेकवतो तो पाय बघायचा, हे त्यांचं दुसरं शास्त्र. "डोळे खोटं बोलतेत. टेकलेला पाय खोटं बोलत नाय."

पोरगी बघता बघता त्यांच्या पुढं गेली. ते तिच्यावर रोज जळायचे. "माझी बोटं अशी लांब असती तर!" मग सलीमभाईंशी नवं भांडण. सलीमभाई म्हणायचे, "मेरी बेटी ने लीग देख के सीखा. मानो अब." दादाराव म्हणायचे, "बघून शिकली, व्हय. पण साबणाचे बॉल कुणी मारले? लीगनं?" मला दोघांचंही खरं वाटायचं, आणि दोघांचाही हेवा वाटायचा. माझा मुलगा तेव्हा मोबाइलवर क्रिकेट खेळण्यात दिवस घालवत होता.

मग एका मॅचमध्ये रुबीनानं हवेत झेपावून असा बॉल धरला, की दादाराव सीमारेषेवरून ओरडले, "जळलो!" पुढच्याच बॉलला तिचं बोट मोडलं.

ह्या वेळी कुणी हसलं नाही.

बोट बरं झालं. पोरगी पुन्हा खेळू लागली, आणि बातमी आली की देशाच्या ज्युनियर कॅम्पसाठी मुली निवडायला माणसं येणार आहेत, मॅच आमखासवरच होणार आहे. दादारावांनी ऑफिसात रजेचा अर्ज टाकला. नवा पांढरा शर्ट शिवला. मैदानाच्या गोलला ह्या वेळी जाळी लागणार होती, हे त्यांनी मला तीन वेळा सांगितलं.

मॅचच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बाकड्यावर बसलो होतो. सलीमभाई नेहमीसारखे लीगवर बोलत होते, पण बोलण्यात जीव नव्हता. कुठल्या टीमनं कुणाला घेतलं, कुणाला सोडलं, असं काहीतरी. चहा गार झाला. शेवटी दादारावच म्हणाले, "सलीमभाई, पोटात काय हाय ते ओठावर आणा."

सलीमभाई खाली बघत म्हणाले, "बुरा मत मानो दादाराव. रुबीनाची अम्मी… ती तुम्हाला भाई मानती, ईदचा पहिला शीरखुर्मा तुम्हालाच पाठवती. लेकिन मां का दिल है. ती म्हणती… उद्या दादाराव भाई मैदानावर नसले तर बरं."

मला सलीमभाईंचा इतका राग आला, की मी उभा राहिलो. हा सगळा नजरेचा खेळ सुरू कुणी केला? टायरवर बसून हसलं कोण? मी काहीतरी बोलणार होतो, पण दादारावांनी माझ्या हाताला धरून मला खाली बसवलं.

"बरोबर हाय भाभीचं," ते म्हणाले.

"दादाराव, ये सब मजाक था," मी सलीमभाईंच्याच भाषेत ओरडलो. "पंक्चर काय, मांडी काय, कुणाचंही होतं असं!"

"मजाक व्हता तव्हा मी नाय म्हणलं का? खुर्ची पुढं ओढून बसलो. लोकांनी डोक्यावर घेतलं तव्हा गोड लागलं ना मला? आता एका पोरीचं भलं व्हायची वेळ आली, तव्हा नजर खोटी कशी म्हणू?" त्यांनी गार चहा एका घोटात संपवला. "आन् समजा खरी असली तर?"

ते उठले आणि आमखासकडे न बघता एस.टी. स्टँडकडे चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी मैदानाकडे निघालो, तर भिंतीच्या बाहेर, फाटकाच्या बाजूच्या दगडी कट्ट्यावर दादाराव बसलेले. नवा पांढरा शर्ट. मैदानाकडे पाठ, तोंड रस्त्याकडे.

"तुम्ही इथं?"

"मी कुठं म्याच बघायलो? मी रस्ता बघायलो. रस्ता बघायला कुणाची बंदी हाय का?" मग जरा थांबून, "तू उंच हायेस. कट्ट्यावर चढ. आतलं दिसंल. सांग."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"दिसंल ते सांग. पण टीव्हीवाल्यावानी चढवून सांगू नको."

मी चढलो. मला भिंतीवरून सगळं मैदान दिसत होतं, जाळी लावलेला गोल दिसत होता, आणि त्यात उभी असलेली रुबीना. मी सांगायला लागलो. त्या बाजूच्या मुलीनं ह्या बाजूच्या मुलीला दिला, मग तिनं पुढं मारला…

"नंबर सांग की! ही कोण, ती कोण? रुबीना कुठंय?"

"गोलात."

"गोलात म्हंजे? रेषेवर का पुढं?"

"रेषेवर."

"पुढं ये म्हणावं तिला! कोपरा उघडा पडला असंल."

मी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडलो, "रुबीना! पुढं ये!" ती क्षणभर दचकली. मग तिनं भिंतीकडे पाहिलं, आणि दोन पावलं पुढं आली. आवाज माझा होता, पण शब्द कुणाचे ते तिला कळलं असणार.

दादाराव डोळे मिटून ऐकत होते. बूट बॉलला लागल्याचा आवाज, शिट्टी, आरडाओरडा. माझ्या आधी त्यांना कळायचं. "फाउल झाला. कुणाचा?" मी सांगायचो. "बाहेर गेला ना?" गेलेला असायचा. मधेच ते न वळता म्हणाले, "काय रे, जाळी कशी हाय?"

"पांढरी आहे. नवी आहे."

त्यांनी छातीवर पंजा ठेवला आणि माझ्याकडे मान वर केली. "तुझ्यावर जळलो बघ आज," ते म्हणाले. गमतीत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला, ज्याला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, त्याला ते सगळं फुकट दिसत होतं, आणि त्यांना भिंतीकडे नुसती मान वळवायचीही मुभा नव्हती. माझ्यावर आयुष्यात कुणी जळावं असं माझ्याजवळ काही नव्हतं. त्या दिवशी होतं, आणि ते मला नको होतं.

मग शिट्टी वाजली, आणि रुबीनाच्या टीमविरुद्ध पेनल्टी दिली गेली.

"पेनल्टी," मी म्हणालो. दादारावांनी दोन्ही हातांनी कट्टा घट्ट धरला आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटायला लागले, "पाय बघ, पाय बघ, टेकलेला पाय बघ." समोरून जाणारा रिक्षावाला वळून बघायला लागला. बॉल मारल्याचा आवाज आला. रुबीना डावीकडे झेपावली. सगळं मैदान ओरडलं.

"ढकलला का धरला?" दादाराव ओरडले.

"धरला! दोन्ही हातांनी धरला!"

त्यांचा पंजा छातीवर गेला, तोंड उघडलं, "ज…" आणि त्यांनी दुसऱ्या हातानं स्वतःचं तोंड दाबून धरलं. तसेच बसून राहिले, तोंड दाबून, रस्त्याकडे बघत, खांदे हलत.

मॅच संपल्यावर रुबीना धावत फाटकातून आली. "दादाराव चाचा!" ते झटकन उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "लांब ऱ्हाय बाळा, लांब ऱ्हाय." ती त्यांच्या पाठीमागे थांबली. मग तिनं आपला घामानं ओला हातमोजा मागूनच त्यांच्या हातात दिला. दादारावांनी तो न बघता घेतला, न बघता खिशात ठेवला.

रुबीनाची निवड झाली. कॅम्प झाला, आणि त्यातून ती देशाच्या ज्युनियर टीममध्ये गेली. ह्या काळात दादाराव रिटायर झाले. फुलंब्रीहून येणं कमी झालं, आले तरी आमखासवर जायचे नाहीत, दुकानाच्या बाकड्यावर बसायचे. सलीमभाईंशी भांडायचेही, पण हळू आवाजात. सलीमभाई एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मजाक मजाक में हमने आदमी की आंखां बांध दी. अब खोलूं तो कैसे खोलूं?"

रुबीनाची पहिली मॅच दाखवणार होते त्या दिवशी सलीमभाई स्वतः मोटरसायकल घेऊन फुलंब्रीला गेले आणि दादारावांना मागं बसवून आणलं. दुकान पुन्हा भरलेलं. भाभी पहिल्यांदाच दुकानात येऊन बसल्या होत्या. त्यांनी दादारावांसाठी टीव्हीसमोरची खुर्ची रिकामी ठेवली होती.

"बैठो भाईजान," त्या म्हणाल्या. "मैंने गलत बोला था उस दिन. बैठो."

दादारावांनी हात जोडले. "भाभी, तुम्ही आई हायेत, तुमचं काय चुकलं नाय. म्याच होऊ द्या." आणि खुर्ची उचलून त्यांनी दुकानाच्या दारात नेली, टीव्हीकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसले. सगळ्यांनी सांगून पाहिलं. नाही म्हणजे नाही. मी त्यांच्या बाजूला टायरवर बसलो आणि मान वळवून वळवून सांगत राहिलो. आता मला नंबर सांगता येत होते.

आपण हरलो. नेहमीसारखे, एका गोलानं. सलीमभाई सवयीनं म्हणाले, "लीग में लेना चाहिए इन लड़कियों को," आणि सवयीनं उत्तर यायची वाट बघत राहिले.

शेवटची शिट्टी वाजलेली दादारावांनी ऐकली. "संपली ना?" त्यांनी मला विचारलं. "पक्की संपली? आता काय व्हायचं राह्यलं नाय ना?"

"संपली."

मग ते उठले, खुर्ची वळवली आणि टीव्हीकडे तोंड करून बसले. पडद्यावर रुबीना उभी होती. केस विस्कटलेले, हातमोजे काखेत, डोळे लाल, आणि अंगात देशाचा शर्ट. कॅमेरा तिच्यावर थोडा वेळ थांबला. दादारावांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. आम्ही सगळे त्यांच्या हाताकडे बघत होतो. भाभींनी तर नजर लागू नये म्हणून ओठांवर माशाअल्लाह तयार ठेवलं होतं. पण तो पंजा छातीवर गेला नाही. तो खिशात गेला आणि तिथंच राहिला, जिथं तो जुना हातमोजा असायचा.

टीव्हीवरची नजर न काढता, त्यांनी विचारलं, "सलीमभाई, कोल्हापूरवाले बघत असतील ना रे आत्ता?"

"देखते होंगे," सलीमभाई म्हणाले.

"मग जळू दे त्यांना," दादाराव म्हणाले आणि खुर्ची टीव्हीच्या आणखी जवळ ओढून बसले.